तीन बटणं नारळाची, एक चुलीचं

हे लिहायला मी इतका उशीर लावलाय की उशिराची कारणंसुद्धा आता शिळी झाली. आधी म्हटलं, निकाल लागू दे. निकाल लागल्यावर म्हटलं, डोकं जरा थंड होऊ दे. मग मध्येच कुणीतरी दांडेलीला निघालं होतं, त्यांच्या गाडीत जागा होती, बसले. खरं सांगायचं तर ज्या ट्रिपमध्ये मी येईल त्या माणसावर संशय घेत फिरले, ती ट्रिप लिहायची कशी हेच कळत नव्हतं. प्रवासवर्णनात माणसं प्रेमळ असतात आणि पाणी निळं असतं. माझ्याकडं होतं ते चिखलाच्या रंगाचं पाणी, आणि माणसांचं म्हणाल तर सांगते.

शेवटी आईनं लिहायला बसवलं. तिला ब्लॉगशी काही देणंघेणं नाही. मी तिकडून सुक्या जवळ्याची पिशवी आणलीय. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोलंबी, उन्हात वाळवलेली. आमच्या मिरजेच्या बिल्डिंगमध्ये त्याचा वास जिन्यापर्यंत जातो. आई म्हणाली, "ते काय लिहायचंय ते लिही एकदाचं आणि ही पिशवी संपव. वरच्या वहिनी विचारायला लागल्यात."

तर झालं असं. रेश्मा आणि मी एक सीझन दिवेआगरला एका होमस्टेमध्ये काम केलं होतं. ती बी.ए. पूर्ण केलेली, मी दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. भांडी दोघींनी सारखीच घासली. तिचं घर नवी मुंबईत, नेरूळच्या मागं खाडीला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेल. एक दिवस तिनं पोस्टरचा फोटो पाठवला. हात जोडलेली, नाकात नथ, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही अशी एक बाई, आणि शेजारी रोडरोलरचं चित्र. खाली रेश्माचा मेसेज: "ताराआत्या महापालिकेला उभी राहिलीय. अपक्ष. मतदानापर्यंत राहायला ये. खाडीपण बघशील."

खाडी हा शब्द मी मनातल्या मनात समुद्रकिनारा असा वाचला आणि सॅक भरली.

कामोठे, म्हणजे चुकीचं शहर

मिरजेहून रात्रीची गाडी पहाटे कळंबोलीला हायवेवर सोडते. जाणाऱ्यांसाठी सूचना: झोपू नका. ड्रायव्हर "कळंबोली" एकदाच म्हणतो आणि तेही स्वतःशी. माझा मावसभाऊ कामोठ्यात राहतो. आंघोळ करून पुढं जावं म्हणून शेअर रिक्षानं त्याच्याकडं गेले.

त्याची बिल्डिंग नुकती रंगवलेली होती, इतकी नुकती की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर बोटांना पिवळा लागला. शेजारच्या दोन्ही बिल्डिंगांना तोच पिवळा. खाली चेअरमन पेपर वाचत बसले होते.

"काका, रंग कुणी दिला?"

"सोसायटीनं."

"निवडणुकीच्या तोंडावर सगळ्या सोसायट्यांना एकदम सुचलं?"

त्यांनी पेपर खाली केला. "ताई, तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

या ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. मी फिरायला आलेय म्हटलं की समोरचा आणखी सावध व्हायचा. कामोठ्यात कोण फिरायला येतं?

मी मात्र जोरात होते. सकाळभर बॅनर बघितले, कुठल्या गल्लीत नवे पेव्हर ब्लॉक पडलेत आणि कुठल्या नाहीत ते बघितलं, दोन वडापाव खाल्ले. मोठं काहीतरी सापडल्याच्या थाटात घरी येऊन वहिनीला सांगायला बसले. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पण तुझ्या मैत्रिणीची आत्या नवी मुंबईत उभी आहे ना? हे पनवेल महापालिकेत येतं. नवी मुंबई बेलापूरपासून पुढं."

म्हणजे माझा सगळा संशय दुसऱ्याच महापालिकेवर खर्च झाला होता. मानसरोवर स्टेशनवरून दहा रुपयांचं तिकीट काढलं आणि नेरूळला उतरले.

नेरूळ, आणि गुडघ्यापर्यंत बीच

नेरूळ स्टेशनच्या बाहेर सगळं आखलेलं आहे. सेक्टर, प्लॉट नंबर, झाडांना कठडे. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तर म्हणाला, "गाव के मुँह तक छोडूँगा, अंदर नहीं." आत गेल्यावर कारण कळलं. सेक्टरचा रुंद रस्ता एका कमानीपाशी संपतो आणि तिथून पुढं गल्ली अशी की दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीनं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घरं चार-चार मजली, एकमेकांना खांदा लावून उभी. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, तळमजल्यावर मालक, आणि ओट्यावर जाळी.

रेश्मा मला घरी न नेता आधी घरामागं घेऊन गेली. घरांची रांग संपली की एक मोकळं पटांगण, त्यापलीकडं खारफुटी, मग खाडी. पटांगणावर जुन्या जाळ्या अंथरून त्यावर गुलाबीसर जवळा पसरला होता. पोस्टरवरची बाई उकिडवी बसून तो हातानं पातळ करत होती. नथ नव्हती, बाकी चेहरा तोच.

"ही कोन?" वर न बघता तिनं विचारलं.

"मैत्रीण माझी, आत्या. मिरजेची."

"मिरजेवरनं मतं मोजाला आयली?"

"फिरायला आलेय," मी म्हटलं.

"हितं?" आता तिनं वर बघितलं. "मान्सं हितनं फिराला जातात."

मी बीचचं विचारलं. ताराआत्यानं जवळ्यानं भरलेला हात खाडीकडं केला. ओहोटी होती. करडा चिखल लांबपर्यंत, त्यात टुणटुण उडणाऱ्या निवट्या, म्हणजे बोटभर मासे. "भरती आयली का पानी, गेली का चिखल. घाल पाय. गुडघ्यापतूर बीच हाय."

संध्याकाळी त्याच निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली. चिखलातला मासा म्हणून मी आधी नुसता रस्सा घेतला, नंतर दोनदा मागून घेतलं. हे हॉटेलात मिळत नाही, कुणाच्या तरी घरीच जावं लागतं.

पटांगणाला गावात खळं म्हणतात, आणि सगळी भानगड त्या खळ्याचीच. जमीन गावाची, सामाईक. या वेळी निवडणुकीला जे मोठं पॅनेल उभं होतं त्यानं गावाला कबूल केलं होतं की निवडून आलो की तिथं लग्नाचा हॉल बांधून देऊ. गावकी, म्हणजे गावातली जुनी कर्ती माणसं, खूश. गावकीत रेश्माचे वडील, नाना. ताराआत्या त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हापासून याच घरात.

"गावातल्या पोरींची लग्नं तुर्भ्याच्या हॉलमध्ये लावतो आम्ही, भाड्यानं," नाना मला म्हणाले. शांत माणूस, रिटायर झालेला, इस्त्रीचा शर्ट. "आपल्या अंगणात मांडव नको?"

"आनि आमी वाळवन कुठं घालाचं?" आत्या आतून. "गच्चीत? तुमचे भाडेकरू वासानं पलतील."

नानांनी पापड मोडला.

खळं राहिलं पाहिजे, एवढ्यासाठीच ती उभी होती. ज्या बाईला काँक्रीट नको तिला निशाणी मात्र रोडरोलर मिळालेली. "टोपली मागितली व्हती," ती म्हणाली. "टोपली दुसऱ्यानं नेली."

देवळातले नारळ

दुसऱ्या दिवशी नाना मला स्वतःहून गावदेवीच्या देवळात घेऊन गेले. गाभाऱ्यासमोर भिंतीला लागून नारळांच्या रांगा. मला वाटलं नवसाचे असतील.

"मतदानाचे," नाना म्हणाले. "निवडणूक आली की गावकी बसते, ठरवते. मग प्रत्येक घर देवीसमोर नारळ ठेवतं. ठेवला की शब्द गेला. निकाल लागला की आपापला नारळ उचलायचा, फोडायचा, खोबरं वाटायचं. एक चूल, एक नारळ."

"पण घरात मतं पाच-सहा असतात."

"घराला तोंड एक असतं."

मी विचारू नये ते विचारलं. "आणि ताराआत्या?"

"ती माझ्याच चुलीवर जेवते," नाना म्हणाले आणि चपला घालायला वळले.

म्हणजे बघा. आत्याच्या स्वतःच्या घराचा नारळ आत्याच्या विरोधात ठेवलेला, आणि तो ठेवणारा सख्खा भाऊ. तो नारळ कुठला, हे मी विचारलं नाही. नाना बाहेर पडताना एकाकडं बघून गेले, तोच असणार.

मतदान कसं होतं ते इथंच सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. एका प्रभागात नगरसेवक चार. त्यामुळं प्रत्येकानं बटणं चार दाबायची, प्रत्येक जागेसाठी एक. पॅनेल म्हणजे चार जागांचे चार उमेदवार एकाच टोळीचे. आत्या फक्त बायकांच्या एका जागेवर उभी. गावकीचा नारळ मात्र चारही बटणांसाठी.

सेक्टर, तुर्भे आणि चहावाला

मग काही दिवस मी आत्याबरोबर प्रचाराला फिरले. ती, रेश्मा, मी आणि दोन शेजारणी. ढोल नाही, गाडी नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारायचा, "अपॉइंटमेंट?" पॅनेलवाले आले की हेच गेट आपोआप उघडायचं. मी वॉचमनकडं रोखून बघायचे, तो मोबाइलकडं.

आत सोडलंच तर दार अर्धं उघडायचं. एका बाईंनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "तुमचं पटतं हो, पण आमचं मत गावाला आहे. साताऱ्याला." दुसऱ्या मजल्यावर मत चिपळूणला. तिसऱ्यावर एक आजोबा होते त्यांचं मत इथलंच, पण ते म्हणाले, आमच्या सोसायटीचं मत चेअरमन सांगतील. मी जिन्यात रेश्माला म्हटलं, नारळ इथंही आहे, फक्त दिसत नाही.

एक दुपार माझी भरकटण्यात गेली. नेरूळला एक टेम्पो माणसं भरत होता, घोषणा ऐकल्या आणि कुठं जातोय बघू म्हणून मागोमाग बसनं तुर्भ्याला गेले. कंपन्यांच्या कंपाउंडांमधून, ट्रकांच्या रांगेतून एका वस्तीपाशी सभा. सभेपेक्षा पुलावाची रांग मोठी. शेजारच्या माणसाला विचारलं, मत किधर है? तो खाता खाता म्हणाला, "मत गांव में है. पुलाव इधर है."

परत येताना नेरूळ स्टेशनबाहेर कटिंग घेतला. चहावाला मोकळा होता, मी आत्याचं पत्रक त्याला दिलं. त्यानं त्यावर भज्यांची प्लेट ठेवली.

"रोडरोलरवाली? ती उभी केलेली आहे."

"कुणी?"

"पॅनेलनं. विरोधी पॅनेलला जाणारी गावातली मतं खायला. दर टायमाला एक बाई उभी करतात. तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

ही गोष्ट माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच. रात्रभर हिशोब जुळवला. भाऊ गावकीत, बहीण अपक्ष, दोघं एकाच घरात, आणि घरात भांडण असं नाहीच. पापड मोडतात आणि गप्प बसतात. आणि मला कालवण कशाला इतकं वाढतायत?

सकाळी उठून गच्चीत गेले तर खाली कमानीपाशी पांढरी गाडी उभी. पॅनेलच्या उमेदवार बाईंच्या नवऱ्याची, प्रचारात ती इतक्यांदा आडवी आली होती की नंबरसुद्धा पाठ झाला होता. आणि त्या गाडीत मागच्या सीटवर ताराआत्या बसली. दार लागलं, गाडी गेली.

मी सॅक भरायला घेतली होती, खोटं कशाला सांगू.

दुसरी चूल

सॅक भरून खाली आले तर मागच्या अंगणात धूर. रेश्माची आई, मी त्यांना काकी म्हणते, तीन विटा मांडून त्यावर भात शिजवत बसली होती. आत गॅस आहे, सिलिंडर भरलेलं आहे, मी स्वतः सकाळी चहा केला होता. आत नाना एकटे, समोर रेश्मानं लावलेला कुकर. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते.

माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी लगेच जोडल्या गेल्या: गाडीतून काहीतरी मिळालं, त्यावरून घर फुटलं.

"काकी, काय झालं?"

"काय व्हाचंय? वेगळी चूल मांडली."

"तुम्ही वेगळ्या झालात?"

"मतापुरती," काकी म्हणाली आणि फुंकणीनं जाळ केला.

मला काही कळलं नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तिनं फुंकणी खाली ठेवून लहान मुलीला सांगतात तसं सांगितलं. "ह्यांनी नारळ ठेवला. तो ह्यांच्या चुलीचा. ज्या चुलीवर जेवलं तिचा नारळ, गावचा नेम हाय, आमी नाय केला. आजपासनं माजी आनि तारीची चूल ही. हिचा नारळ कुनी ठेवला नाय."

"मग चारही मतं तुम्ही तुमच्या मनानं देणार?"

"नाय गो." तिला माझा प्रश्नच आवडला नाही. "नारळ ठेवला तवा मी त्याच चुलीवर जेवत व्हते. देवीसमोरचा शबूद हाय. तीन बटनं नारळाची. एक चुलीचं."

मी गच्चीत परत गेले. देवळामागं एका अंगणात धूर. सरळ खाली, ओट्याच्या कोपऱ्यात, दुसरा. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी विटा शोधत फिरत होती. वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरणी वाळत घातलेले कपडे ओढून आत घेत होत्या आणि शिव्या देत होत्या.

रेश्माला विचारलं, तू कुठल्या चुलीवर? ती म्हणाली, "नानांना कुकर नीट लावता येत नाही म्हणून आत लावते. जेवते बाहेर. तू गप्प बस."

दुपारी आत्या आली, रिकाम्या टोपल्या घेऊन. मी सरळ विचारलं, गाडी कुणाची होती.

"तुना म्हाईत हाय कुनाची," ती म्हणाली. "टोपली बघितली का रिक्षेवाले थांबत नाय. वास येतो. तो आयला सकाळी, मावशी बसा, बोलायचं हाय. मी म्हनलं, टोपल्या घेतोस तर बसतंय."

"काय बोलला?"

"आमच्या बाईना पाठिंबा जाहीर करा म्हन्ला. मी म्हनलं, बाजार आयला, थांबव."

"बस, एवढंच?"

आत्यानं टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "तू पोलिसात का नाय गेलीस? रस्त्यात गाडीत बसलेलं बघतेस, आनि सीटवरच्या टोपल्या बघत नाय."

माझं पूर्ण समाधान झालं नाही. एसी गाडीत कोण जवळ्याच्या टोपल्या घेतं? पण सॅक पुन्हा रिकामी केली.

मतदान

मतदान सेक्टरच्या शाळेत. माझं मत मिरजेला, त्यामुळं मी गेटबाहेर वडाच्या पारावर. बायका गटानं येत होत्या. बाहेर पडणारी प्रत्येक जण गेटबाहेर उभ्या असलेल्या आत्याकडं न बघता जात होती, कारण गावकीची माणसं समोरच्या टेबलावर. मला वाटलं, संपलं, सगळ्यांनी हाय खाल्ली.

आत एक म्हातारी अडली होती म्हणे. एक बटण दाबून निघालीच. अधिकारी म्हणाले, आजी, अजून तीन. आजी म्हणाली, मना एकच द्याचं हाय. मशीन काही केल्या शिट्टी देईना, मागची रांग ओरडायला लागली, शेवटी आजींनी बाकीची बटणं रागारागानं दाबली. हे रेश्मानं बाहेर येऊन सांगितलं आणि आम्ही हसलो. मग माझ्या लक्षात आलं, ही तीच विटा शोधणारी.

नाना सकाळीच मत देऊन देवळाच्या पायरीवर जाऊन बसले होते. तिथून गावातले धूर दिसतात. ते मोजत होते की नुसते बघत होते, सांगता येत नाही.

तेवढ्यात पॅनेलची पांढरी गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. थंडीचे दिवस असले तरी ऊन कडक होतं, आणि चारही काचा खाली. दार उघडलं तसा आतून वास आला. सुका जवळा. ड्रायव्हर उतरून सीटवर पुन्हा काहीतरी फवारत होता आणि स्वतःशी बडबडत होता.

त्या वासापुरता मी आत्यावर विश्वास ठेवला.

निकाल

आत्या हरली. अगदी जवळून वगैरे नाही, व्यवस्थित हरली. पण निकाल बूथवार कळतो, आणि गावाच्या बूथवर बायकांच्या जागेला रोडरोलर पुढं होता. बाकीच्या तीन जागांना त्याच बूथवर पॅनेल, नारळाप्रमाणे. सेक्टरचे बूथ उघडले तसं सगळं पॅनेलकडं वाहून गेलं. साताऱ्याची मतं साताऱ्यात राहिली आणि चेअरमनची चेअरमनकडं.

आत्या मतमोजणीहून परत आली ती सरळ खळ्यावर गेली. मागं राहिलेला जवळा गोळा करत म्हणाली, "आता हॉल." एवढंच.

संध्याकाळी गावकीचे दोन ज्येष्ठ दारात आले. रागावलेले नव्हते, त्यामुळं मला जास्तच संशय आला. त्यातले थोरले काकीला म्हणाले, "वैनी, झालं गेलं. चुली विझवा. हॉलसाठी गावाची संमती द्यायची हाय, बैठक लावतो, पुन्हा घराघराचा नारळ ठेवू."

काकी विटांपाशी बसलेली. "चुलीचा ठेवू का घराचा?"

"एकच ना ते."

"जत्रेची पट्टी घराला लावता का चुलीला?"

जत्रेची वर्गणी या गावात चुलीमागं असते. घरात दोन भाऊ वेगळे झाले, दोघांनी चुली मांडल्या, की गावकी दुसऱ्याच दिवशी दोन वर्गण्या मागायला येते. हे मला रेश्मानं कानात सांगितलं.

थोरल्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"पट्टीला आमची चूल धरता," काकी म्हणाली, "नारळाला नाय?"

मागं दोन-तीन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पदराखाली. एक म्हणाली, "दादा, जत्रा जवळ आयली. विझवू का ठेवू, तुमीच सांगा. पट्टी कमी व्हईल तेवढी." कुणीतरी फस्सकन हसलं.

थोरल्यांनी नानांकडं बघितलं. नाना दारात उभे होते. मला वाटलं आता हे बायकोला काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "नेम तोच हाय. चुलीला नारळ." आणि आत गेले.

ठरलं असं की बैठकीत प्रत्येक चुलीनं आपला नारळ ठेवायचा. हॉल हवा तो देवीच्या उजवीकडं, नको तो डावीकडं. आत्या हरली होती, पण त्या तीन-तीन विटांनी बायकांना गावकीत पहिल्यांदा स्वतःचा नारळ मिळाला होता. हे कुणी आधीपासून ठरवलं होतं का, मी काकीला विचारलं. ती म्हणाली, "तू लय इचार करतेस. भाकरी खा."

आणि एक बारीक गोष्ट. नानांनी रिवाजाप्रमाणे देवळातला नारळ घरी आणला, पण फोडला नाही. मी निघेपर्यंत तो फ्रिजवर होता.

घरी

जाणाऱ्यांसाठी थोडं: नेरूळला राहायची लॉज महाग आहेत, कुणाची ओळख काढा. रोहित पक्षी बघायचे तर थंडी ते उन्हाळा, भरती-ओहोटीच्या वेळा विचारून जा. मी गेले तर पाणी चढलेलं, आणि गुलाबी ठिपके इतके लांब की त्यांना मी पिशव्या समजले. निवट्या खायच्या असतील तर गावात ओळख लागते. आणि निवडणुकीच्या दिवसात जाऊ नका, तुम्ही कुठल्या पक्षाच्या याचं उत्तर तयार नसेल तर.

परतीची गाडी कळंबोलीहूनच. काकीनं निघताना जवळ्याची पिशवी दिली. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "खळ्यावरचा हाय. पुढच्या टायमाला असल का नाय म्हाईत नाय."

मिरजेत आल्यावर मला सगळे विचारतात, मग कोण चोर निघालं? मला सांगता येत नाही. पिवळ्या रंगाचे पैसे कुणी दिले ते कळलं नाही. चहावाला खरं बोलत होता की टाइमपास करत होता तेही नाही. ती गाडी टोपल्या घेऊन बाजारात गेली यावर माझा विश्वास आहे, पण आत काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. मी इतकी नजर ठेवून फिरले, आणि सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यासमोर भर दिवसा, धूर काढत झाली, तिला मी भांडण समजले.

हॉलची बैठक पुढं पुढं ढकलली जात होती. कधी थोरले आजारी, कधी जत्रेची तयारी. मला वाटायचं, बायका कंटाळून विटा उचलतील याची वाट बघतायत. लिहायचं मी थांबवून ठेवलं त्याचं हेही एक कारण. बैठक आज आहे. सकाळपासून रेश्माचे मेसेज येतायत. देवळात गर्दी आहे. उजवीकडं नारळ जास्त आहेत. आता डावीकडं येतायत. नाना सकाळपासून घरात बसून आहेत, फ्रिजवरचा नारळ तसाच. ते गावकीचे, त्यांचा उजवीकडं जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. गेल्या कित्येक दिवसांत ते बायकोच्या हातचं जेवलेले नाहीत. आत्या आणि काकी अजून अंगणातच आहेत, भात उतरल्याशिवाय निघणार नाहीत म्हणे.

आईनं आत्ताच जवळ्याची चटणी केली, वास इथपर्यंत आलाय. आणि फोन वाजला. रेश्माचा मेसेज, फोटो नाही, एकच ओळ:

"नाना आलेत. देवळात नाही, आईच्या चुलीपाशी. हातात ताट आहे आणि काखेत नारळ."